बाबांच्या सातच्या बातम्या

आमची खोली लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला लागून होती, मधली भिंत एकच. कारखाना चालू असला की मांडणीवरची भांडी थरथरत कडेला यायची आणि आई येताजाता ती हाताने मागे सारायची. लोक मला विचारतात, असल्या आवाजात तू अभ्यास कसा केलास? मला उलटंच वाटायचं. मंदी येऊन लूम बंद पडले की त्या शांततेत माझं पुस्तकात लक्ष लागायचं नाही. शांतता म्हणजे बाबांना काम नाही, आणि काम नाही म्हणजे नुसता भात आणि मिरची. आई म्हणायची, "आज भाजीला सुट्टी हाय." आम्ही दोघी बहिणी हसायचो, कारण ती हसायची.

बाबा अंबाडी गावाच्या पलीकडच्या पाड्यावरचे. पाड्यावरची माणसं पावसात भात लावायची आणि बाकीचं वर्ष वीटभट्टीवर जायची. बाबांना भट्टी नको होती, म्हणून ते भिवंडीला लूमवर आले आणि तिथेच म्हातारे झाले. आई त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. त्या पाड्यावरची कॉलेज पुरं केलेली पहिली पोरगी मी. हे मी सांगते तेव्हा मान वर करून सांगते, कारण त्यात माझ्याइतकेच बाबांनी सांभाळलेले सहा लूम आणि आईच्या कांड्या आहेत.

लूममध्ये कोणी ओरडून बोलत नाही. ओरडून उपयोग नसतो. कामगार एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात, उरलेलं हातांनी सांगतात. बाबा तिथे हिंदी शिकले तेही ओठांवरून, उत्तरेकडच्या कामगारांचे ओठ बघून. वर्षं गेली तसे त्यांचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी चिमण्या गेल्या, मग शिट्टी, मग बायकांचे बारीक आवाज. जाडेभरडे आवाज थोडे राहिले. आमच्या घरात म्हणून एक शिस्त होती: पाठ करून बोलायचं नाही, तोंडावर हात ठेवून बोलायचं नाही. लाईट गेली की बोलणं बंद. फारच महत्त्वाचं असलं तर आई बॅटरी घेऊन स्वतःच्याच तोंडावर मारायची आणि म्हणायची, "पाणी भरलं का?" माझ्या मैत्रिणी ते बघून घाबरायच्या.

मग मालकाने लूम भंगारात काढले. कारखान्याचं गोदाम झालं. बाबांना जवळच पूर्ण्याला एका गोदामावर वॉचमनची ड्युटी मिळाली. तिथे एकदा मागे येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. क्लीनरने ओढलं म्हणून वाचले. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, पण त्याने हात जोडले. "चाचा, माझ्या डोक्यावर नको." बाबा घरी बसले.

घरी बसल्यावर त्यांच्याकडे एकच गोष्ट राहिली. संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या. बातम्या देणारी बाई सरळ समोर बघून बोलते, तोंड पूर्ण दिसतं, मध्ये कोणाची मान वळत नाही. बाबा म्हणायचे, "अख्ख्या भिवंडीत ही एकटीच माझ्याशी तोंड देऊन बोलते." ओठ डोळ्यांनी आणि उरलासुरला आवाज कानांनी, असं दोन्ही जुळवून ते बातमी पकडायचे. त्यासाठी टीव्ही एवढा मोठा लागायचा की वरच्या मजल्यावरची खाला जिन्यातून ओरडायची, "अगो, तुझ्या बाबाच्या बातम्या माझ्या किचनमदी येतात! सगळ्या पाठ झाल्या, उद्या मला पण परीक्षेला बसव." मग जेवताना बाबा आम्हाला सगळ्या बातम्या परत सांगायचे, वर स्वतःचं मत. आई म्हणायची, "आता गिळा. सरकार उद्या पाडा."

मला वळ गावातल्या एका गोदामात ऑफिसची नोकरी लागली. आमच्याकडे माल परत येतो तो मी बघते. टीव्हीला लावायचे ते इंटरनेटचे बॉक्स रोज परत यायचे. तपासले की चालू. चांगले चालतात, तरी लोक परत पाठवतात. मी कोणाकोणाला फोन करून विचारायची, नक्की काय पाहिजे होतं? एक बाई म्हणाली, "मला वाटलं घरातले सगळे एकत्र बसून बघतील." मी परतीची नोंद पुरी केली, पण ते वाक्य डोक्यात राहिलं, कारण माझ्याही मनात तेच होतं.

मी बॉक्स घेतला. केबल बंद केली, बॉक्समध्ये बातम्यांसकट सगळं येतं म्हणून. आणि वरच्या खालाची कटकट जावी म्हणून एक बिनवायरचा छोटा स्पीकर आणला, बाबांच्या खुर्चीच्या हातावर, कानाला लागून ठेवायला. टीव्हीचा आवाज बंद, स्पीकर चालू.

पहिले काही दिवस घरात जत्रा. आईला सिरियल थांबवता येते याचं भारी कौतुक. डाळ ढवळायला उठायची, बटण दाबायची, परत येऊन म्हणायची, "थांब म्हटलं की थांबते. तुमच्यापेक्षा बरी." रिमोटमध्ये बोलून शोधता येतं ते मात्र तिला जमलं नाही. ती आमच्या बोलीत सांगायची आणि पडद्यावर भलतंच काही यायचं. "याला मराठी येत न्हाय," ती म्हणायची आणि रिमोट बहिणीकडे फेकायची. बहिणीला पाहिजे होत्या कोरियाच्या मालिका, हिंदीत केलेल्या. बाबा एकदा तिच्या शेजारी बसले, थोडं बघितलं आणि म्हणाले, "यांच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घातलाय."

"बरोबर!" बहीण टाळी वाजवून म्हणाली. "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"तोंड एक बोलतं, आवाज दुसरंच. मी काय काल लूमवर लागलो?"

आम्ही खूप हसलो. मला मनातून वाटलं, हेच पाहिजे होतं, सगळे एकत्र.

पण सातच्या बातम्यांना बाबा अस्वस्थ व्हायला लागले. पुढे सरकून बसायचे, डोळे बारीक करायचे, मग स्पीकर बंद करायचे, परत चालू करायचे. एका संध्याकाळी ते म्हणाले, "ही बाई पण खोटी हाय. हिच्या तोंडात दुसरीच बोलते."

मी समोर जाऊन, तोंड दाखवून सांगितलं, "बाबा, बातम्या आहेत. ती मराठीच बोलते. तिचाच आवाज आहे."

"न्हाय. ती बाई बदलली."

"तीच बाई आहे. कपाळावरची टिकलीपण तीच."

"टिकली तीच हाय. आतली दुसरी हाय."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मालिकेच्या वेळी ते जे बोलले ते खरं होतं, म्हणून हसलो होतो. आता तेच ते खऱ्या बाईबद्दल बोलत होते.

त्यानंतर त्यांनी टीव्हीसमोर बसणं सोडलं. सात वाजता दारात पायरीवर जाऊन बसायचे. जेवताना बातम्या सांगणं बंद झालं, मत देणं बंद झालं. काही विचारलं तर "हां" म्हणायचे. आई एकदा ताटं उचलताना म्हणाली, "आता सरकार कोण पाडल?"

आईचं ठरलं होतं. पाड्यावर जाऊन भगताला विचारायचं, काही लागलंय का बघायचं. मी म्हटलं, आधी डॉक्टर.

"तुझा डाक्तर बापाला ओळखतो का?"

"आई, हे विसरण्याचं दुखणं असतं. म्हातारपणी होतं. औषध लवकर सुरू करावं लागतं."

"तुझा बाप विसरला न्हाय कायबी. परवा मला माझ्या भावाच्या भांडणाची आठवण करून दिली, मीच विसरले व्हते."

"मग बाई बदलली असं का म्हणतात?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि तेच मला नको होतं. गोदामात एका सहकाऱ्याची आई असंच बोलत बोलत शेवटी स्वतःच्या मुलाला परका माणूस समजायला लागली होती. मी रोज घरी येताना वाटेत ठरवायची की आज बाबा मला नावाने हाक मारतात का ते बघायचं. मारायचे. तरी दुसऱ्या दिवशी परत तीच भीती.

दवाखान्यात मी त्यांच्या बाजूला बसले. डॉक्टरांनी मास्क लावला होता, समोरच्या बाकांवर सगळेच खोकत होते. त्यांनी चांगल्या, हळू आवाजात विचारलं, "आज वार कोणता?"

बाबा म्हणाले, "जेवण जातं."

"तुमच्या गावाचं नाव काय?"

"झोप लागते. पहाटे लागत न्हाय."

"शंभरातून सात वजा करा."

बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "शौचाला साफ होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ऐकायला कमी येतं हे मी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी तेच प्रश्न मोठ्याने परत विचारले. बाबांनी तीच उत्तरं परत दिली. डॉक्टर म्हणाले, सुरुवात असू शकते, ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे दाखवून घ्या. मी मान हलवली. मी इतका वेळ बाबांच्या चेहऱ्याकडेच बघत होते, डॉक्टरांकडे बघितलंच नव्हतं.

बाहेर चहा घेताना बाबा माझ्यासमोर उभे होते. मी तोंड नीट दाखवून विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"शनवार. का गं, तुला सुट्टी हाय म्हणून तर आलीस."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"त्यानं इचारलं व्हतं?" बाबांनी कप खाली ठेवला. "तोंड बांधून बसलेला. डाक्तर लोक जे नेहमी इचारतात त्याची उत्तरं दिली मी." मग दुसरीकडे बघत, "बहिरा हाय मी. येडा न्हाय. तुम्ही तिघी माझ्याकडं बघता कशा, ते दिसतं मला."

मी चहाचे पैसे दिले. घरी येईपर्यंत एक गोष्ट डोक्यात नीट बसली होती. तोंड दिसलं नाही की बाबा चुकतात. तोंड दिसलं की चुकत नाहीत. आणि बातम्यांच्या बाईचं तर पूर्ण तोंड दिसतं. मग तिथे काय चुकतंय?

सात वाजता मी बाबांच्या खुर्चीत बसले, स्पीकर त्यांच्यासारखा कानाजवळ घेतला आणि शब्द सोडून नुसते ओठ बघितले. आम्हाला ती सवय लहानपणापासूनची. बाई "नमस्कार" म्हणाली. तिचे ओठ मिटले, उघडले, आणि मग "म" ऐकू आला. पापणी लवते ना, तेवढाच उशीर. परत बघितलं. "मुंबई" म्हणताना तसंच, "पाऊस" म्हणताना तसंच. प्रत्येक शब्द ओठांच्या मागून येत होता.

ज्याला नीट ऐकू येतं तो ओठ बघतच नाही, त्याला हे कधी कळणार नाही. पण ज्याचं अर्धं ऐकणं डोळ्यांत आहे, त्याला तिचे ओठ एक शब्द सांगत होते आणि कान मागचाच शब्द देत होते. बाबांना जसं दिसत होतं तसंच त्यांनी आम्हाला सांगितलं होतं.

मी स्पीकर बंद केला आणि टीव्हीचाच आवाज वाढवला, होता नव्हता तेवढा. पायरीवर बसलेल्या बाबांची मान वळली. ते उठून आत आले, उभ्यानेच पडद्याकडे बघत राहिले. वरून खाला ओरडली, "आली का परीक्षा परत?" आई स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन बाहेर आली. बाबा म्हणाले, "ही तीच हाय." आणि बसले.

आई वळून परत तव्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बाजारातून मी लांब वायर आणली. टीव्हीपासून चटईखालून बाबांच्या खुर्चीपर्यंत. वायरने आवाज ओठांबरोबर येतो. आई दर दोन दिवसांनी त्यात पाय अडकवते आणि माझ्या डिग्रीचा उद्धार करते. बहीण म्हणते, वायर दिसायला घाण दिसते. दिसू दे.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. बाबांचे उरलेले जाडेभरडे आवाजही आता कमी होत चाललेत. कानाचं मशीन घ्या म्हटलं तर ते म्हणतात, लूम परत कानात कशाला घालू? तो वाद चालू आहे, आणि बहुतेक मी हरणार आहे. घरात चौघांना त्या बॉक्सकडून चार गोष्टी पाहिजेत आणि रिमोट एकच, त्यामुळे भांडणंही होतात.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच डॉक्टरांकडे परत गेलो. मी दारातच सांगितलं, "सर, मास्क काढून, त्यांच्याकडे बघून विचारा." डॉक्टरांनी खिडकी उघडली, मास्क खाली केला आणि तेच प्रश्न विचारले. बाबांनी वार सांगितला, गाव सांगितलं, शंभरातून सात वजा केले, त्यातून पुन्हा सात, थांबवेपर्यंत. ठाण्याला जायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या वडिलांचं डोकं शाबूत आहे, आणि ते रोज सातच्या बातम्या समजून बघतात.