कॉफी भाजणारीला पाणी मागू नये

कॉफी भाजायला शिकायचं म्हणून भर दुष्काळात कुणी उदगीरला जातं का? मी गेले, कारण माझी थोरली बहीण, आमची अक्का, तिथं असते आणि तिची लेक चिकमगळूरला दिलीय. लेक कच्च्या बिया पाठवते, अक्का त्या घरीच भाजते. लातूरच्या एका कॉफीवाल्यानं तिला सोमवारी नमुना घेऊन बोलावलं होतं. आवडला तर तो दर आठवड्याला माल घेणार होता. अक्काची स्वतःची अशी ही पहिली कमाई, म्हणून तिला सोबत हवी होती.

नांदेडहून सकाळची एसटी धरा. लोहा, अहमदपूर करत दुपारपर्यंत पोचता, तिकीट दोनशेच्या आत. अहमदपूरच्या स्टँडबाहेर गरम सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, खाऊन घ्या, पाणी मात्र घरूनच न्या. उदगीरात शिरलं की चौकाचौकात फलक दिसतात, वेगळा जिल्हा झालाच पाहिजे म्हणून. आमचे दाजी त्याच समितीत आहेत आणि समिती बसते अक्काच्या ओसरीवर.

मी पोचले तेव्हा अक्कानं लोखंडी कढई गॅसवर ठेवली होती. बिया हिरवट असतात. त्या सारख्या हलवत राहायच्या. आधी पिवळ्या पडतात, मग तपकिरी होतात आणि एकदम तडतडायला लागतात. तडतड मंदावली की लगेच सुपात ओतून वारा घालायचा, टरफलं उडवायची. तेवढ्या वेळात कढई सोडली की संपलं. इतक्यात टँकर आला आणि मी घागरी घेऊन धावले.

परत आले तर घरभर धूर.

"तडतड चालू होती," अक्का म्हणाली. "ह्यांनी तीनदा पाणी मागितलं. चार माणसांसमोर किती वेळ न्हाई म्हणू?"

ओसरीवरून दाजी म्हणाले, "कॉफी काळीच असती की. जरा जास्त भाजली तर काय बिघडलं?"

समिती हसली. माठ ओसरीवरच होता हो, दाजींपासून चार पावलांवर! मला इतका संताप आला की मी घागरी तिथंच ठेवल्या आणि आत निघून गेले.

उरलेल्या बिया एकदाच भाजता येतील एवढ्याच होत्या. रविवारी सकाळी पुन्हा बैठक भरली. अक्कानं मला आत घेतलं, कढई चढवली आणि स्वयंपाकघराला आतून कडी घातली. बिया तडतडायला लागल्या आणि बाहेरून दाजींची हाक आली.

"अगं, पाणी आण."

अक्काचा हात थांबला नाही. दार वाजायला लागलं. एक गृहस्थ समजुतीनं म्हणाले, "वैनी, पाव्हण्यांला पाणी तर द्या."

"लातूरला तुमचं कुणी ऐकत न्हाई, म्हणून वेगळा जिल्हा मागायलात ना तुम्ही?" अक्का आतूनच म्हणाली. "मला निस्ती वेगळी खोली पाहिजे. ती बी अर्धा तास."

दार वाजायचं थांबलं. थोड्या वेळानं माठाचं झाकण वाजलं. दाजींनी बहुतेक लग्नानंतर पहिल्यांदाच हातानं पाणी घेतलं असेल.

भाजलेल्या बिया एक दिवस मुरू द्याव्यात, म्हणून सोमवारी आम्ही नळेगावमार्गे लातूर गाठलं. दुकान क्लासेसच्या गल्लीत, अभ्यासाला जागणाऱ्या पोरांनी भरलेलं. मालकानं कॉफी करून घेतली, अर्धा कप प्यायला आणि म्हणाला, "चांगलीय, ताई. दर सोमवारी अशीच येईल ना? घरचं काही आडवं येत न्हाई ना?"

"येतंय," अक्का म्हणाली. "तरी बी येईल."

नांदेडला परतून आता मीही भाजते. दोन घाणे करपवले, तिसरा जमला. पण राग अजून गेलेला नाही. एका बाईला चुलीपुढं अर्धा तास मिळावा म्हणून कडी घालावी लागते, आणि वर तिलाच आडमुठी म्हणतात.

परवा अक्काचा फोन आला. समिती आता दुसऱ्याच्या घरी बसते. दाजींचा अपमान झाला म्हणे, ते तिच्याशी बोलत नाहीत.

"मग गं?" मी विचारलं.

"मग काय, घर शांत हाय," ती म्हणाली. "तडतड नीट ऐकू येती."