फळीच्या पोटातली खाच

मी जन्मात बर्फाचा डोंगर पाहिला नाही आणि आता पाहायची इच्छाही नाही. तरीही दूर युरोपातल्या बर्फावर एका भल्या पोराला मी हरवलं. शर्यतीत उतरून नव्हे. इथे रत्नागिरीत, खाडीकाठच्या आमच्या मांडवात, तोंड मिटून.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती दोन वर्षं. मी वीस-एकवीस वर्षांचा होतो. आमचा धंदा होड्या-मचवे बांधायचा आणि दुरुस्त करायचा. बाबांचा हात फटी बुजवण्यात. दोन फळ्यांमधल्या सांध्यात कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेल भरायचं, मग अंगठा फिरवून पाहायचं. डोळ्यांनी त्यांना कमी दिसायला लागलं होतं, पण अंगठ्याला केसाएवढी फट कळायची. लाकडात उघडी फट लागली की त्यांना चैन पडत नसे. जेवताना पाटाला चीर दिसली तर हातातला घास टाकून उठतील, असा माणूस.

बंदराच्या कामावर तेव्हा एक गोरा इंजिनीअर साहेब होता. त्याचा मुलगा उत्तरेकडे पलटणीत होता, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा. तिकडच्या पहाडात तो बर्फावर पळायचा. पायांना डोक्यापेक्षा उंच अशा दोन लाकडी फळ्या बांधायच्या, हातांत काठ्या घ्यायच्या आणि दहा-अकरा मैलांची चढउतार कापायची, असा तो खेळ. थंडीत रजा काढून तो युरोपात जायचा आणि इंग्लंडच्या बाजूने इतर देशांच्या पोरांशी शर्यतीत उतरायचा. जाताना वाटेत बापाला भेटायला म्हणून तो रत्नागिरीला आला. आगबोटीतून होडीत उतरताना एक फळी कठड्यावर आपटली आणि तिचं वळवलेलं टोक चिरलं. साहेबाच्या शिपायाने त्याला आमच्याकडे आणलं.

नवी फळी घ्यायची त्याची ऐपत होती. पण माझे पाय याच फळ्यांवर बसलेत, असं तो त्याच्या पलटणीतल्या हिंदुस्तानीत म्हणाला. माझं इंग्रजी चार इयत्तांचं आणि त्याची हिंदुस्तानी कवायतीची, तरी आमचं जमलं. काम होईपर्यंत चार दिवस तो खाडीपलीकडे भाट्याच्या वाळूत पळायचा, हातांत काठ्या घेऊन, भुसभुशीत वाळू मुद्दाम शोधून. मी तरीच्या होडीतून त्याच्याबरोबर पलीकडे जायचो. पहिल्या दिवशी मीही पळून पाहिलं आणि मैलभरात माझी जीभ बाहेर आली. कोळणी कमरेवर हात ठेवून हसायच्या. "सायबाच्या घरात एवढा पैका, नि पोराला ह्यां काय खूळ लागलां?" एकीने मला विचारलं. तो तिलाही वाकून सलाम करायचा. मला तो फार आवडायचा. माझ्याशी बरोबरीने बोललेला दुसरा गोरा मला पुढे भेटला नाही.

बाबांनी टोक असं सांधलं की सांधा शोधून सापडू नये. मग त्यांनी फळी उलटी केली. तिच्या पोटातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ खाच गेली होती. दुसऱ्या फळीलाही तशीच.

"करणाऱ्यानं कंटाळा केलान बघ," बाबा म्हणाले. "एवढी फट उघडी टाकलान. पाणी शिरंल नाय तर काय?"

मला तरी काय ठाऊक! कापूस आणि राळ भरून, घासून, दोन्ही फळ्यांची पोटं गुळगुळीत झाली. समुद्राची हवा लागू नये म्हणून मी शिडाच्या कापडाची पिशवी करून फळ्या आत शिवून टाकल्या. खाचांचं काम कोणी सांगितलेलं नव्हतं. बाबांनी ते आपण होऊन केलं आणि कोणाला सांगितलंही नाही.

पुढे माघात आंजर्ल्याजवळ एक मचवा बुडाला. माणसं पोहून वाचली. त्या मचव्याच्या फटी बाबांनीच भरल्या होत्या. मालकाने बंदरावर चारचौघांत ओरडा केला की म्हाताऱ्याची राळ सुटली. बाबांनी अंथरूण धरलं. मी मचव्याच्या तांडेलाला गाठलं. तो आधी टाळत होता, मग कबूल झाला की पाण्याचा अंदाज चुकून त्यानेच मचवा खडकावर घातला. मी धावत येऊन बाबांना सांगितलं.

"बापाला बरां वाटावां म्हणून सांगतोस," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

अशात धाकट्या साहेबाचं मला पत्र आलं, सोप्या इंग्रजीत. टोक उत्तम टिकलं, पण पोटातली खाच मुद्दाम ठेवलेली असते, फळी सरळ चालते ती तिच्यामुळे, असं त्याने लिहिलं होतं. रजा मोजकी असल्याने तो शर्यतीच्या आदल्या दिवशी पोचला आणि पिशवी तिथेच उसवली. सुरीने राळ खरवडली तेवढी निघाली. उरलेल्या राळेवर बर्फ चिकटत राहिला, उतारावर पाय आडवे जात राहिले. सगळ्यांच्या शेवटी पोचलो, पण वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या थंडीत येईन, तेव्हा खाच तेवढी उघडी राहू द्या, असा शेवट होता.

"काय लिवलान?" बाबांनी अंथरुणातून विचारलं.

"जिंकला," मी म्हणालो.

बाबा उठून बसले. त्या दिवशी त्यांनी भात दोनदा मागून घेतला, आठवड्याभरात मांडवात उभे राहिले. विलायतेचा राजा बघत होता नि आपली राळ पळत होती, असं येईल त्याला सांगू लागले. आंजर्ल्याचा खडकही मग त्यांना पटला. लोक हसायचे, मीही हसायचो. पत्र मी वाशांच्या सांदीत कोंबून ठेवलं. एका थापेने बाप उभा केला, याची मला चक्क घमेंड होती.

पुढच्या थंडीत तो आला. ही शेवटची शर्यत, म्हणाला. पलटण आता पुन्हा रजा देणार नव्हती. या खेपेला फळीवरची, पायाचा पट्टा धरणारी पट्टी सैल झाली होती, ती बसवून हवी होती. मांडवाबाहेरच त्याने मला विचारलं, खाचेचं वडिलांना सांगितलंस ना? मी हो म्हणालो. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून सोसत नाही.

तो गेल्यावर बाबांनी फळी उलटी करून अंगठा फिरवला. "सगळी झिजवलान रे! पळालाच तसा. ह्या खेपेला दाट भरतो."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी बाबांचा चेहरा पाहिला आणि ठरवलं, भरू देत. पिशवी शिवायच्या आधी मीच पटाशीने उकरून काढीन. दुसऱ्या दिवशी सागाचं लाकूड आणायला मला संगमेश्वरला जावं लागलं. येताना गाडीचा आस मोडला आणि दोन दिवसांचे चार झाले. परत आलो तर मांडवात फळ्या नव्हत्या.

"आगबोट लागलेली," बाबा म्हणाले. "मीच शिवल्या नि त्याच्या हातात दिल्या." दाभण टोचून त्यांची बोटं सुजली होती.

मुंबईहून मोठी बोट सुटायला अजून दोन दिवस होते. थोरल्या साहेबाला सांगितलं असतं तर एका तारेत काम झालं असतं. मी त्याच्या बंगल्याच्या फाटकापर्यंत दोनदा गेलो. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं आणि ते बाबांच्या कानावर गेलं असतं. दोनदा तसाच परत आलो. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

फाल्गुनात थोरला साहेब स्वतः मांडवात आला. हातात मुलाचं पत्र. साहेबाला मराठी येत नसे आणि बाबांना इंग्रजी, त्यामुळे मध्ये मीच उभा. साहेब ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, माझ्या मुलाला शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. त्याने गेल्या वर्षी लिहून कळवलं होतं, यंदा तोंडाने विचारलं होतं. मग खाच पुन्हा का भरलीत? मला फक्त कारण हवं आहे.

"काय म्हणतो? पुन्हा जिंकलान ना?" बाबांनी हात पुसत विचारलं. चेहरा नुसता फुलला होता.

त्या दिवशी मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. साहेबाचं बोलणं बाबांना सांगितलं, मग माझी करणी साहेबाला सांगितली, मग तीच बाबांना. जाताना साहेबाने टोपी काढून बाबांना नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"सांगायचां व्हतांस," बाबा म्हणाले. "माज्या हातानं उकरली असती मी."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, पण माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. मग विचारलं, "नि तो आंजर्ल्याचा मचवा?"

"तो खडकावरच लागला होता, बाबा! शपथ!"

ते खरं होतं. मी त्याच दिवशी तांडेलाला घेऊन आलो. त्याने देवाची शपथ घेऊन सगळी हकीकत सांगितली. बाबांनी त्याला पान दिलं, त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ह्यां बोलायला माज्या पोरानं तुला शिकवलान ना?" त्यांनी हळूच विचारलं.

त्यानंतर बाबा सहा वर्षं जगले. एकाही मचव्याला त्यांनी हात लावला नाही.