ब्रेकच्या कामाची मजुरी

माझे अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही कच्चे. चौथीपर्यंतच शिकले, माफी असावी.

देवरीचा तो मिस्त्री गाडी थांबली की आधी चाकाजवळ उलटा हात नेई. आमच्या जीपचे चाक तापले होते, ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाक आवळणारा चिमटा, जाम होता.

"नवीन टाका लागते, भाऊ."

"कायले? घासून दे," हे म्हणाले.

त्याने घासून दिला. त्याच आठवड्यात घाटात ब्रेकने तेच चाक पुन्हा धरले, जीप उलटली आणि हे गेले.

तेव्हापासून दर बाजाराला तो दारात उभा राहून थोडी थोडी मजुरी परत देई.

"काऊन देऊन रायले? त्यांनीच म्हटलं होतं."

"हात त माहा होता, वैनी."

काल त्याने शेवटची नोट ओट्यावर ठेवली. "झाले पूर्ण." मी पहिल्यांदाच त्याला आत बोलावले. त्याने चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि निघून गेला.