मागच्या झाकणावरचे नाव

अर्जदार: कराडच्या मंडईमागचा गादीवाला, वय सत्तरीपुढे, नाव घरच्यांच्या विनंतीवरून लिहीत नाही. प्रकरण: परदेशी बनावटीच्या भारी घड्याळाची दुरुस्ती. काळ: गेल्या रमजान ईदनंतरचा. साक्षीदार: कचेरीसमोरचा चहावाला आणि मी स्वतः, अर्जनवीस, ज्याच्या मसुद्यात वकीलही सहसा खाडाखोड करीत नाहीत.

"तुमचं तुमी सांगा," हे त्याचे पालुपद. पिंजायला आलेली जुनी गादी उसवून तो कापूस गिऱ्हाइकापुढे पसरायचा. "ह्यातला किती ठिवायचा? तुमचं तुमी सांगा." एका बाईने सगळाच टाकायला सांगितला. तो म्हणाला, "आवं, सासूबाईंचा कापूस हाय." बाई म्हणाली, "सासूबाईंना टाकता येत न्हाई, कापूस तरी टाकू द्या की!" हसता हसता त्याला ठसका लागला, पण मूठभर कापूस त्याने बाजूला काढून ठेवलाच.

घड्याळ त्याच्या थोरल्या भावाचे. भाऊ आखातात एका अरबाचा ड्रायव्हर होता. मालकाने खूश होऊन ते दिले. भावाला लिहिता येई ते फक्त स्वतःचे नाव. शेवटच्या खेपेला त्याने गादीच्या दाभणाने ते मागच्या झाकणावर कोरले आणि घड्याळ धाकट्याच्या हाती बांधले. पुढे तो तिकडेच वारला, तिकडेच दफन झाला.

घड्याळ बंद पडले तेव्हा अर्जदार माझ्याकडे आला. "आण्णा, लिवा. आतलं मशीन साफ करा, तेल घाला. भाईर हात लावू नगा." पुण्याच्या घड्याळ कंपनीला पाठवायच्या अर्जात मी तसे सुस्पष्ट लिहिले. फोन नंबर मात्र त्याने मुलाचा दिला. "कर्ता पोरगा असताना माझा कशाला?" हे सांगताना त्याची मान ताठ होती.

कंपनीने मुलाला फोन केला: मागे ओरखडे आहेत, पॉलिश करायचे का? मुलगा मोटारसायकलवर होता. "सगळं नव्यासारखं करा," म्हणाला.

घड्याळ आले. "अब्बा, बगा तरी, कसं चमकतंय!" अर्जदाराने ते उलटे केले आणि झाकणावरून अंगठा फिरवत राहिला. मुलाला उमगले तेव्हा तो रडवेला झाला. "मशीननं नाव कोरून आणतो, अब्बा. लय सुबक येतं."

"सुबक कशाला रं? त्याचा 'स' वाकडा होता."

कंपनीला मी तीन पानी तक्रार लिहिली. उत्तर एका ओळीचे आले: काम ग्राहकाच्या संमतीनेच केले आहे. त्यानंतर अर्जदाराने घड्याळ हाती बांधले नाही. पावसाळा सरता सरता तो गेला. दुकान आता कुलूपबंद आहे.

तरी मेहेरबान वाचकांस विनंती की, कंपनीकडे संमती आहे, मुलाच्या मनात पाप नव्हते, आणि नंबर अर्जदारानेच दिला होता. नाव मात्र पुसले गेले आहे. फेरअर्ज लिहून तयार आहे. जाबदार म्हणून कोणाला उभे करावे, एवढे कृपा करून कळवावे.