बयाबाईंची तितिक्षा

तितिक्षा, म्हणजे कुरकुर न करता सोसणे, हा गुण शास्त्रांनी शिरोधार्य मानला. मात्र तो कुणाकडून किती उकळावा, याची मर्यादा कुठेच घातली नाही. आटपाडीजवळच्या धनगरवस्तीतील बयाबाईंकडे तो अमाप होता, आणि लोकांनी तो अमाप वापरला.

पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे उठले. त्यांवर चंदेरी खवले धरू लागले. मेंढपाळांचा नियम जुना आहे: खरजेचे मेंढरू कळपातून काढून वेगळे बांधायचे. घराने तोच नियम त्यांना लावला. ताट वेगळे, अंथरूण वेगळे. त्यांनी हरकत घेतली नाही. जन्मभर त्यांनीही तेच केले होते. परंतु नात जन्मली, प्रांजल, आणि सून तिला मांडीवर देईना, तेव्हा बयाबाई आपल्या मुलाला, बिरदेवाला, म्हणाल्या, "मला सांगलीला ने."

तेथील त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितले: हा सोरायसिस, स्पर्शाने पसरत नाही. समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो. त्वचेवर अतिनील किरण घेण्याच्या उपचारांसाठी आठवड्यातून दोन-तीनदा यावे लागले असते. ते अशक्य होते. म्हणून मलम, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आणि अधूनमधून रक्ततपासणी असे ठरले. त्वचा स्वच्छ झाली तरी विचारल्याशिवाय औषध थांबवू नका, असेही त्यांनी बजावले.

काही महिन्यांत चट्टे मावळले. प्रांजल आजीच्या मांडीवर आली. बयाबाई तिच्या घोंगडीसाठी लोकर कातू लागल्या.

"आये, आता कशाला गोळ्या?" बिरदेव म्हणाला. "बऱ्या झालेल्या मेंढराला कुणी औषिद पाजतंय व्हय?"

"बंद करू नगा म्हनलीया डाक्टरीण."

"तिनं कवा मेंढरं राखल्यात?"

सगळे हसले. बयाबाईही हसल्या. गोळ्या थांबल्या.

हिवाळ्यात चट्टे परतले, या वेळी पाठभर. सुनेने मूल उचलून घेतले. "डाक्टरीण लय शानी! पसरत न्हाई म्हनं. मग गेलेलं माघारी कसं आलं?"

औषध आपणच तोडले, हे कुणाच्या मनातही आले नाही. सांगलीचे नाव काढले की बिरदेव म्हणे, "एकदा फसलो की." बयाबाई आपले ताट उचलून बाहेर गेल्या. "ऱ्हाऊ दे गं," त्या सुनेला म्हणाल्या, "पोरीला जप."

वस्तीने त्यांच्या सोशिकपणाची मुक्तकंठाने स्तुती केली. स्तुतीला खर्च येत नाही, सांगलीला जावे लागत नाही.

गेल्या वर्षी त्या न्यूमोनियाने गेल्या. त्यांनी कातलेल्या लोकरीची घोंगडी घरात आहे. ती प्रांजलच्या अंगावर अजून कुणी घातलेली नाही.