जिलेबीनंतरची ग्रामसभा

पंधरा ऑगस्टला सकाळी आठ वाजता ध्वजारोहण झाले. मैदानावर चारशेच्या आसपास लोक होते. दहा वाजता त्याच मैदानाच्या कडेला ग्रामसभा होती. साडेदहाला हजेरी रजिस्टरवर त्रेसष्ट सह्या होत्या. लागतात शंभर.

मी या गावाचा ग्रामसेवक होतो. गाव भडगाव तालुक्यातले. नाव लिहीत नाही, कारण मंडळी हयात आहेत आणि वाचतात.

शंभराचे गणित असे. गावातल्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा लहान तेवढे लोक हजर असल्याशिवाय ग्रामसभा भरत नाही. याला गणपूर्ती म्हणतात, बोलताना कोरम. कोरम नसला तर सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलली जाते. तहकूब सभेला मात्र कोरमची अट नसते. नऊ जण बसले तरी ठराव होतो. आमच्या गावात तो वर्षानुवर्षे नऊ जणांतच होत असे, आणि ते नऊ जण नाना सांगतील ते.

नाना म्हणजे माजी सरपंच. सलग अठरा वर्षे. पंधरा ऑगस्टची जिलेबी त्यांच्या घरची असे. राष्ट्रगीत संपले की नाना स्वतः 'भारत माता की जय' म्हणत आणि टोपल्यांवरचे फडके काढले जाई. पुड्या हातात पडल्या की गाव घरी जाई. ग्रामसभा कोणाला आठवत नसे.

नव्या सरपंच सुमनताई. वरच्या वस्तीच्या. पहिल्याच वर्षी त्यांनी मला विचारले होते, "भाऊसाहेब, जिलेबी सभेनंतर वाटता येणार नाही का?"

"जिलेबी पंचायतीची नाही, ताई. नानांची आहे."

"मग नानांना विचारा."

मी विचारले. नाना म्हणाले, "जिलेबी झेंडानी शे, भाऊसाहेब. सभानी नही." विषय संपला.

त्या दिवशीचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. टाकी मंजूर होती, जागा ठरायची होती. ताईंना ती टेकाडावर हवी होती, कारण वरच्या वस्तीत नळाला पाणी चढत नव्हते आणि बाया खालच्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या. नानांना ती खाली, त्यांच्या मळ्याला लागून हवी होती. महिनाअखेर जागेचा ठराव गेला नाही तर टाकी दुसऱ्या गावाला जाईल, असे पत्र आले होते.

त्रेसष्ट सह्या जवळजवळ सगळ्या वरच्या वस्तीतल्या होत्या. मी ताईंना म्हणालो, "तहकूब करावी लागेल. पुढची तारीख बुधवारची देतो."

"बुधवारी माझी एकही बाई येणार नाही. सगळ्या निंदणीला असतात. आज सुट्टी आहे म्हणून आल्या. बुधवारी फक्त नाना असतील."

"नियम आहे."

"किती वेळ थांबता येतं?"

नियमात वेळ लिहिलेली नाही. मी म्हणालो, "माझं पेन चालेना, असं म्हणून अर्धा तास."

ताईंनी माइक घेतला. म्हणाल्या, "सकाळी जे झेंड्यासमोर सावधान उभे होते, त्यांनी आता जरा इथे येऊन बसावं. उभं राहण्यापेक्षा बसणं सोपं आहे." पहिल्या रांगेत हसू फुटले. कोणी आले नाही.

आले ते आबांमुळे. आबा फौजेतून निवृत्त झालेले. झेंडा बांधायचे काम त्यांचे, आणि सूर्यास्तापर्यंत ते झेंड्याच्या आसपासच असत. माइकवरचे ऐकून ते उठले, काठी घेतली आणि गल्लीत शिरले. त्यांचा आवाज मैदानापर्यंत येत होता.

"झेंडा वर शे आनि तू खाट वर? ऊठ!"

"आबा, जेवी ऱ्हायनू."

"सीमावर काय भूक लागस नही? ऊठ!"

पंचवीस मिनिटांत आबांनी तीस माणसे आणली. एकाच्या हातात भाकरी तशीच होती. आकडा त्र्याण्णव झाला. आबा दम खात खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आते गाव सरी गया." म्हणजे आता गाव संपले.

तेवढ्यात नाना आले. सोबत त्यांची सहा माणसे. सभेत बसायला ते आले नव्हते. त्र्याण्णवचा आकडा त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, तो तपासायला आले होते. ते कडेला उभे राहिले आणि बोटाने डोकी मोजली.

"भाऊसाहेब, कितला?"

"त्र्याण्णव."

"मंग तहकूब करा. शंभर नही, सभा नही. मी हरकत लेस."

"घ्या की, नाना. लिहून घेतो. आधी रजिस्टरवर सही करा."

"सही कसाले?"

"सही नसलेला माणूस कागदावर गैरहजर असतो. गैरहजर माणसाची हरकत मी कशी लिहू?"

नाना अठरा वर्षे कागदावर चालले होते. त्यांना हे पटले. त्यांनी चौऱ्याण्णव नंबरला सही केली.

आमच्या गावात नानांनी जिथे सही केली तिथे खाली सही करायला लोक मागेपुढे पाहत नसत. सोबतच्या सहांपैकी पहिला पुढे आला आणि म्हणाला, "नानानी जी हरकत, तीच मनी." पंचाण्णव. दुसरा, तिसरा. अठ्ठ्याण्णवनंतर नानांच्या पुतण्याने पेन घेतले. मला कोणी काही विचारले नाही. मी रजिस्टर पुढे सरकवत राहिलो.

शेवटच्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हते. "नाना, मी कोठे करू?"

नानांनी स्वतः बोट ठेवले. "आठे. खालनी ओळमा."

त्याने केली. मी ताईंना सांगितले, "गणपूर्ती झाली. सभा सुरू करा."

नानांनी रजिस्टर स्वतःकडे फिरवून शेवटच्या सहीचा नंबर वाचला. मग म्हणाले, "आमन्या सह्या खोडा."

"हजेरीत खाडाखोड चालत नाही. तुमच्याच वेळचा ठराव आहे, नाना."

"आम्ही उठी जातस."

आता नियम मलाही नीट आठवेना. मी पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांना फोन लावला. सुट्टी असल्याने ते घरी होते.

"शंभर सह्या झाल्या का?"

"झाल्या, साहेब."

"सरपंचांनी सुरू झाली म्हटलं का?"

मी ताईंकडे पाहिले. ताई माइकवर म्हणाल्या, "सभा सुरू झाली."

"ऐकू आलं," साहेब म्हणाले. "हरकत आहे तशी लिहा. कोण उठलं तेही लिहा. आणि मला सुट्टीच्या दिवशी फोन करू नका."

नाना उठले नाहीत. उठलो तर नाव लिहिले जाईल, हे त्यांनी ऐकले होते. मी त्यांची हरकत शब्दशः लिहिली: शंभर लोक हजर नसल्याने सभा बेकायदेशीर आहे. खाली शंभर हजर, असे नोंदले.

टाकीच्या जागेवर हात वर करून मत घेतले. टेकाडाच्या बाजूने अडुसष्ट, विरुद्ध पंचवीस. सात जणांनी हात वर केला नाही. नानांच्या सहा जणांपैकी दोघांचे हात टेकाडाच्या बाजूने वर गेले. दोघांच्याही बायका समोर बसल्या होत्या. सभा पावणेबाराला संपली.

ठराव मुदतीत गेला. टाकी टेकाडावर उभी राहिली. उद्घाटनाची फीत गावातले ज्येष्ठ म्हणून नानांच्या हस्ते कापण्यात आली. त्यांनी गावाचा विकास या विषयावर भाषण केले. भाषण चालू असताना वाल्व्ह उघडला गेला. ते संपेपर्यंत वरच्या वस्तीतल्या शेवटच्या घरातला हंडा भरला होता.