ब्रेक, टाळी, फास्ट

बाबांनी आमच्या पुढच्या खोलीत वर्षानुवर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. मोठा शब्द आला की ते मुलांना टाळ्या वाजवायला लावत. ब्लॅक, एक टाळी, बोर्ड, दुसरी. कोणी अडखळलं की करड्या आवाजात म्हणत, "पुन्हा एकदा." चौथी शिकलेली आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता हे सगळं ऐकायची.

अर्धांगवायूनं बाबांची वाचा गेली, तेव्हापासून आई त्यांच्या खाटेशी बसून टाळ्या वाजवते. "ब्रेक," म्हणते आणि थांबते. बऱ्याच वेळानं बाबांच्या ओठांतून "फास्ट" निघतं. दारातून बघताना मला वाटतं, लांबलचक शब्दाला आपण उगाच भितो. फोडला की आत दोन ओळखीचेच शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात. आजारपणही ही दोघं असंच फोडत असतील, एक सकाळ, मग एक दुपार.

काल शिकवणी संपवून आई उठली. जन्मभर तिचं नाव न घेता नुसतं "अगं" म्हणणाऱ्या बाबांनी चांगल्या हातानं खाटेवर थाप मारली. "सु." मग दुसरी थाप. "मन."

आई परत बसली. बाबांच्याच करड्या आवाजात म्हणाली, "पुन्हा एकदा."